दोन बोटं माया

"माया किती ठेवू?" ऑस्करने विचारलं, आणि प्रिस्का एकदम लाल झाली.

पापडी गावातल्या 'ऑस्कर टेलर्स' या दुकानात ती पहिल्यांदाच आली होती. नेहमीचा शिंपी गावाला गेला म्हणून. मावसबहिणीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते, आणि हा अनोळखी माणूस खुशाल असं विचारत होता!

"अहो, ओळख ना पाळख—"

"शिवणीच्या आत, मॅडम! जास्तीचं कापड. पुढेमागे उसवून सैल करायला." त्याने निळ्या कापडावर खडूने रेघ मारून दाखवली. "आम्ही त्याला माया म्हणतो. दोन बोटं ठेवू?"

प्रिस्का हसली. किती दिवसांनी!

"अजिबात नको. हा जुना ड्रेस मापाला घ्या. त्याच मापाचा शिवा."

ऑस्करने ड्रेस उलगडला, मग हळूच तिच्याकडे पाहिलं. "हे माप... कधीचं?"

"तुम्ही शिवा हो. मी बारीक होणार आहे."

आठ दिवसांनी ती ट्रायलला आली. पडद्यामागे ड्रेस घातला. चेन सरकन वर गेली. कुठे काच नाही, ओढ नाही. ती बाहेर आली ती चिडूनच.

"मी जुनं माप दिलं होतं!"

"लग्नाला जुन्या तुम्ही जाणार होतात का?"

"आणि हे माप कोणी दिलं?"

"कोणी नाही..." ऑस्कर टाचण्यांच्या डबीत बघत राहिला. "त्या दिवशी पाहिलं, तेवढ्यावरून."

"एवढं नीट पाहिलंत?"

त्याच्या बोटात टाचणी घुसली. प्रिस्का पुन्हा हसायला गेली, पण हसता हसता रडूच फुटलं. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

मग तीच बोलली. पप्पा गेल्यावर तिला अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती उठली, शाळेत शिकवायला जाऊ लागली. पण वर्षभरात चौदा किलो वाढली. "रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपली की बायका विचारतात, 'काय गं, कुठल्या चक्कीचं पीठ खातेस?' मीही हसते. आठ दिवस झाले, गोळ्या बंद केल्यात. झोप नाही, डोकं गरगरतं... घरी कोणाला माहीत नाही."

"डॉक्टरांना?"

"ओरडतील."

"ओरडू देत. गोळीतलं मला काही कळत नाही, मॅडम. पण न विचारता बंद करू नका. आज जाऊ. मी बाहेर बसतो."

"लोक बघतील."

"मग जरा ऐटीत चालू."

त्याने भर दुपारी शटर ओढलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. एकटीने सोसत बसलीस, एवढंच म्हणाले. वजन वाढणार नाही अशी दुसरी गोळी बघू, पण बदल हळूहळू करायचा, आणि मधल्या काळात काही त्रास झाला तर लगेच फोन करायचा. प्रिस्का बाहेर आली तेव्हा ऑस्कर बाकावर ताठ बसून होता, जणू त्याचाच नंबर लागणार होता.

"औषध चालू ठेवायचंय," ती म्हणाली. "वजन उतरेल की नाही, सांगता येत नाही म्हणे." ती थांबली. "मी अशीच राहिले तर... ऑस्कर?"

तिच्या तोंडून आपलं नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं. तो उठून उभा राहिला.

"तर अशीच राहा," तो म्हणाला. अहो-जाहो कधी सुटलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. "पण राहा."

प्रिस्काने त्याचा हात धरला. बाकावरच्या सगळ्या माणसांदेखत.