आमेन होईपर्यंत

रेडिओवर कार्यक्रम सादर करणारी डेल्फिया मॅगर्ड दुपारी टेपचा डबा काखेत मारून केंद्रावर आली तेव्हा तिच्या डोक्यात केकचाच विचार होता. रेडिओ केंद्राला चाळीस वर्षं होत होती आणि चर्चमधल्या बायका केक पाठवणार होत्या. केंटकीच्या डोंगरातल्या या खोऱ्यात अशा गोष्टीची चर्चा आठवडाभर पुरते.

केंद्र सुरू झालं ते कोंबड्यांच्या खुराड्यात. ब्रदर ऑर्लिन स्टॅम्पर यांनी कोळशाची खाण सोडून बायबल हातात धरलं, खुराडं झाडून घेतलं आणि ओढ्याकाठी मनोरा उभा केला. पहिल्या वर्षी प्रवचनात मधूनच एखादी कोंबडी ओरडायची, आणि लोकांना प्रवचनापेक्षा तीच जास्त आवडायची. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणी हसत नसे. ब्रदर सांगायचे, "आजाऱ्यांनो, रेडिओवर हात ठेवा. मी आमेन म्हणेपर्यंत काढू नका." मग खोऱ्यातल्या घराघरात, खोकणारे खाणकामगार आणि सांधे धरलेल्या म्हाताऱ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तळवा टेकून बसत.

डेल्फिया शाळेत असताना एका संध्याकाळी ब्रदर प्रार्थना करता करताच माइकपुढे कोसळले आणि गेले. आमेन राहिलं.

तिची आई आइसी त्या संध्याकाळी हात काढेचना. भाकरी करपली, दिवे लागले, तरी ती बसून. शेवटी बापाचं डोकं फिरलं आणि त्याने तो हात हिसडून ओढला. तेव्हापासून आइसीचा उजवा हात गार पडला. त्यात ना जोर, ना जाणीव. डॉक्टरांनी कुठल्याशा शिरेचं नाव घेतलं. आइसीने ते कानाआड केलं. "माझं आमेन राहिलंय," एवढंच ती म्हणायची.

म्हणून डेल्फियाने ठरवलं होतं, आज त्या शेवटच्या प्रार्थनेची टेप लावायची आणि ती संपली की आपणच आमेन म्हणायचं. आईच्या जिवाला तेवढीच शांती.

यंत्रं सांभाळणाऱ्या होबार्टला हे मुळीच पटलं नव्हतं. "त्या दिवशी मीच होतो इथे," तो म्हणाला. "ते पडले, खुर्ची वाजली, तिथेच टेप संपते. राहिलंय ते राहू दे, डेल्फिया. निदान सिस्टर आइसींना हात ठेवायला सांगू नकोस."

पण सकाळीच सांगून झालं होतं.

केंद्राचा परवाना फक्त दिवसाचा. सूर्य मावळला की प्रक्षेपण बंद, हा सरकारी नियम. त्यामुळे टेप लागली तेव्हा खिडकीबाहेरचं ऊन डोंगराच्या माथ्यावर चढलं होतं. ब्रदरांचा घोगरा आवाज खोलीत भरला आणि त्यामागून खुराड्याचा जुना कुबट वास आला. वास कुठून आला हे कुणीच विचारलं नाही. खुर्ची वाजली. डेल्फिया माइककडे वाकली.

टेपचं टोक सुटून चाक रिकामंच फिरत होतं. स्पीकरमधून ब्रदरांनी श्वास घेतला आणि प्रार्थना पुढे चालू केली.

ते नावं घेत होते. ओढ्याकाठच्या पहिल्या घरापासून, एकेका घरातलं एकेक नाव, सावकाश. पंचविशीतल्या रोझेलाचंही नाव आलं. ब्रदर गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. होबार्टचा चेहरा पांढराफटक पडला. सूर्य बुडाला तशी त्याने धावत जाऊन प्रक्षेपणाचा खटका खाली ओढला. काटा शून्यावर आला, आवाज थांबला. दोघांनी एकमेकांकडे न बघता श्वास सोडला.

तेवढ्यात फोन वाजला.

"डेल्फी," आईचा आवाज अगदी दबका होता, "ब्रदर आता वळणावरच्या घरांपाशी आलेत गं... मग आपलंच घर."

"आई, केंद्र बंद आहे. आम्ही बंद केलंय. हात काढ."

"आमेन झालं नाही अजून... तुझ्या बापाने केलं ते तू नको करूस."

फोन लटकत राहिला. डेल्फियाने गाडी काढली आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला पिटाळली. घाईत गिअर पडत नव्हता. रस्त्याकडेच्या खिडक्यांत दिवे लागले होते. पहिल्या घरात म्हातारा फार्ली रेडिओवर हात ठेवून बसला होता, ताटातलं जेवण तसंच. पुढच्या घरात दोघी बहिणी. त्याच्या पुढे रोझेला, कडेवर रडणारं पोर, आणि तिचं पोराकडे लक्षच नाही. कुणी हलत नव्हतं. एवढ्या वर्षांत आपण या लोकांना सकाळ-संध्याकाळ काय ऐकवत आलो, या विचाराने तिला रडू फुटलं.

आई टेबलापाशी बसली होती. रेडिओ मुका होता. डेल्फियाला फक्त तो कुबट वास आला.

"आमेन," ती मोठ्याने म्हणाली. "आई, ऐकलंस? आमेन."

"तू म्हणून काय उपयोग, बाळ..."

हिसडा द्यायचा नाही, एवढं तिला कळत होतं. तिने आपला तळवा हळूच आईच्या गार हाताखाली सरकवला, बोट बोट सोडवायला. आईचा हात आपोआप उचलला गेला.

"झालं," आइसी म्हणाली. तिने बोटं मिटली, उघडली. कित्येक वर्षांनी त्या हातात रंग चढला होता. उठून तिने त्याच हाताने जड किटली उचलली, चुलीवर ठेवली आणि लहान मुलीसारखी हसली. डेल्फियाला हुंदका आला. हेच तर तिला हवं होतं.

मग डेल्फियाने स्वतःचा हात उचलू पाहिला. तो निघेना.

तळव्याखाली रेडिओचं लाकूड गरम होत होतं. खूप आतून, भिंतीपलीकडून यावा तसा, घोगरा आवाज आला. तो तिचं नाव घेत होता.

"आई... माझा हात..."

आइसीने वळून पाहिलं. घाबरली नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्याला लोणी लावलं आणि लेकीच्या डाव्या हातात दिला.

"खाऊन घे," ती मायेने म्हणाली. "त्यांना वेळ लागतो."