नाव न घेतलेलं पोर्ट

कुरवंड्यात धुकं उतरलं की नागफणीच्या कड्याला निघालेले पर्यटक गेणूच्या गोठ्यात जाऊन पोचतात. दरवर्षीचंच आहे हे. म्हणून दहावीतल्या मानसीनं सुट्टीत एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पायवाट'. रेंज नसली तरी चालणारा, गावाभोवतीच्या वाटा दाखवणारा आणि वळणावळणावर मानसीच्याच आवाजात बजावणारा, "पुढे उतार आहे, सावकाश." सगळ्यांत जास्त खूश गेणूची म्हैस झाली, असं मानसी येईल त्याला सांगायची.

प्रोग्राम ओपन सोर्स होता. म्हणजे कुणीही उघडावा, वाचावा, सुधारावा. मानसीनं तो अँड्रॉइड फोनपुरताच लिहिला होता. पण तिच्या क्लासमधल्या घोरावाडीच्या विक्कीनं तो विंडोजवर चालेल असा करून दिला, आणि फिनलंडच्या कुणा बाईंनी चक्क मनगटी घड्याळावर चालवला. एका यंत्राचा प्रोग्राम असा दुसऱ्या यंत्रावर नेला की त्याला पोर्ट म्हणतात. करणाऱ्याला पगार नाही की मेडल नाही. नव्या आवृत्तीची घोषणा होते तेव्हा तिच्यात त्याचं नाव येतं, बस्स.

त्या 'बस्स'ची किंमत मानसीला पुरेपूर ठाऊक होती. गेल्या वर्षी कुठल्याशा कीबोर्डला तिनं मराठी जोडून दिली होती, आणि त्याच्या घोषणेच्या तळाशी तिचं नाव झळकलं होतं. तोवर हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोरगी त्यानंतर जी बोलायला लागली ती आजतागायत गप्प बसलेली नाही. आपल्या घोषणेत कुणाचंही नाव राहून जाणार नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि पहिल्याच घोषणेत एक राहिलं.

'पायवाट'च्या पानावर आणखी एक पोर्ट येऊन पडलं होतं, बटनाच्या साध्या फोनसाठी. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. मानसीनं तिथंच निरोप टाकून नाव विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच.

"सोड ना," विक्की फोनवर म्हणाला. "नावच नाही तर आभार कुणाचे मानणार? फोनचे?"

तिनं सोडलं. विक्कीचं नाव गेलं, फिनलंडच्या बाईंचं गेलं, घोषणा झाली.

त्यानंतर एकदा शाळेतून येताना एसटीत तिला नव्या आवृत्तीसाठी एक सूचना सुचली. 'थांबा, मागचे येऊ द्या.' मोठ्या ग्रुपमधला शेवटचा माणूसच तर नेहमी हरवतो! घरी येऊन तिनं सहज ते बटनाचं पोर्ट आईच्या फोनवर चढवलं. तिची आई, निर्मला, लोणावळ्यात चिक्कीच्या पॅकिंगला जायची, आणि तिचा फोन रबरबँडवर तग धरून होता. प्रोग्राम चालू झाला. आपण कुठे आहोत हे कळायची त्या फोनला सोयच नव्हती, तरी ठिपका बरोबर त्यांच्या उंबऱ्यावर लुकलुकत होता.

मग फोन मानसीच्या आवाजात म्हणाला, "थांबा, मागचे येऊ द्या."

"ह्ये कवा बोललीस गं?" आईनं विचारलं.

"बोललेच नाही अजून," मानसी म्हणाली.

विक्कीला तिनं लगेच फोन लावला. तो खो खो हसला. "झोपेत रेकॉर्ड केलं असशील. तू झोपेतपण बडबडत असणार!"

"विक्या, दात नंतर काढ. फाईल उघड आधी."

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"मानसी, ही दुसरी आवृत्ती आहे."

"दुसरी मी अजून लिहितेय."

"तेच म्हणतोय मी. चुकासुद्धा तुझ्याच आहेत यात."

शेजारचे शिदूआबा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मानसीच्या पोटात काही राहत नाहीच. "आबा, फुकटात काम करायचं आणि नाव सांगायचं नाही, असा माणूस कोण असेल?"

"इर्जिकीला आला आसंल," आबा म्हणाले. इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्या वाडीनं मिळून राबायचं. मजुरी नाही, जेवण धन्याचं. "आमच्या भाताच्या आवणीच्या इर्जिकीत धनी येकेकाचं नाव घिऊन जेवाय हाक मारायचा. नाव घेतलं म्हंजी हातातलं काम टाकायचं. काम सपलं."

"आणि कुणाचं राहिलं तर?"

"ऱ्हाऊ द्यायचं न्हाई."

"पण राहिलंच तर, आबा?"

आबांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. "मग काम सपल्यालं त्याला कळावं कसं, पोरी?"

मानसी हसली. आबा हसले नाहीत.

संध्याकाळी ती दूध घालायला डेरीवर गेली. रांग खोळंबली होती, आणि डेरीवाले भिकाजीभाऊ फॅट मोजायच्या मशीनला चापट्या मारत होते.

"फॅट इचारलं तर वाट दावतंय! बघ गं, तुजंच हाय न्हवं?"

इवल्याशा हिरव्या पडद्यावर एक वाकडी रेघ होती. डेरीपासून नागफणीपर्यंत. त्या मशीनमध्ये बाहेरून काही घालायला भोकसुद्धा नव्हतं.

"पोरीनं डेरीत बी घुसवलं की!" रांगेतून कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

मी नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण मग कोण? तिला आबांचं बोलणं आठवलं. चूक तिचीच होती, एवढंच तिला कळत होतं. ते पोर्ट करणाऱ्याचं नाव घ्यायला हवं होतं, आणि ते तिला माहीत नव्हतं.

ती घरी आली. आई चुलीपुढे पाठमोरी बसून भाकरी थापत होती. मानसीनं लॅपटॉप उघडला. नाव नाही तर नाही, 'अनामिक' लिहू, असं तिनं ठरवलं. घोषणा आत्ताच. ती टाइप करायला लागली.

'बटनाच्या फोनचं पोर्ट ज्यांनी केलं'

"बटनाच्या फोनचं पोर्ट ज्यांनी केलं," आई म्हणाली.

मानसीनं वर पाहिलं. आई वळली नव्हती. आणि आई 'ज्यांनी' कधीच म्हणत नाही. 'ज्येनी' म्हणते.

'त्यांचे'

"मनापासून," आई म्हणाली.

'मनापासून', मानसीनं टाइप केलं. तेच तर लिहायचं होतं तिला.

"आई?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "आभार. तुमचं काम संपलं."

मानसीनं तेही लिहिलं. आता नावाची जागा आली.

आई थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, धूर आला, तरी तिचा हात हलला नाही. मान किंचित कलती करून ती कान देऊन बसली होती.

मानसीला ठरवलेलं 'अनामिक'सुद्धा आठवेना, काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

नावाच्या जागी तिची बोटं मात्र चालतच होती.