खांबांच्या पलीकडचं पाणी

रविवारी मावशीकडे चर्चमधली मंडळी जेवायला येणार होती आणि तिला भाजलेली बदकं करायची होती. एवढंच काम होतं. पहाटे निघायचं, दोन-चार बदकं आणायची, दुपारपर्यंत सोलून बर्फात टाकायची. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हा विषय आपणहून काढत नाही.

व्हर्ना मावशी माझ्या आईची थोरली बहीण. सत्तरीला टेकलेली, एक गुडघा निकामी झालेला, जीभ मात्र शाबूत. नवरा मला सोडून गेला तेव्हा मी दोन बॅगा घेऊन तिच्याकडे आले. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या मधोमध तिचं घर. सगळा पानगळीचा मोसम मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काढला. एके दिवशी तिने छातीपर्यंत येणारी रबरी विजार माझ्यासमोर आणून आदळली.

"नवरा गेला, पाय तर आहेत ना? घाल."

मग ती माझ्या मागेच लागली. शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग कर, परवाना काढ. परसात उभं राहून रिकामी बंदूक खांद्याला लावायची, उतरवायची, पुन्हा लावायची. संध्याकाळी चित्रं समोर धरून परीक्षा. तलवार बदक कुठलं, थापट्या कुठला, मादी कशी ओळखायची. "ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही," हे तिचं पालुपद. "हवेत उडणारी प्रत्येक गोष्ट आपली नसते, नॅडीन."

मी एकदा विचारलं होतं, "पण मावशी, अभयारण्य ना ते? मग शिकार कशी?"

"अर्ध्या भागात अभय, अर्ध्या भागात आपण," ती म्हणाली. "मध्ये पांढरे खांब आहेत. खांबांच्या पलीकडे माणसाने पाऊल टाकायचं नाही. जखमी पाखरू तिकडे पडलं तरी नाही. पाखरांना ती हद्द आपल्यापेक्षा चांगली कळते."

त्या दिवशी धुकं होतं. आमच्याकडचं धुकं म्हणजे सकाळी येऊन उन्हात विरघळणारं नव्हे. ते जमिनीतून उगवतं आणि आठवडाभर हलत नाही. अभयारण्याच्या चौकीवर गाड्यांची रांग लागली होती आणि पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा ओल्या कापसात गुंडाळल्यासारखे दिसत होते. खिडकीत हार्लन बसला होता. परवाने तपासायचा, सोडतीत ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना शिकारीची जागा द्यायचा. मावशीला तो वर्षानुवर्षं ओळखतो.

"ही कोण? नवी भरती का?"

"भाची आहे. बंदूक नीट धरते. तुझ्यापेक्षा बरी."

"आज काही दिसायचं नाही, व्हर्ना. घरी जाऊन झोपा."

"झोप तू. तुला त्याचाच पगार मिळतो." आणि ती कागद घेऊन निघालीसुद्धा.

बांधावर गाडी ठेवून आम्ही पाण्यात उतरलो. पुढे मावशी, तिच्या शेजारी रूबी, मागे मी. रूबी म्हणजे मावशीची काळी लॅब्रडॉर. पडलेलं पाखरू तोंडात इतकं अलगद धरून आणायची की पीस वाकडं व्हायचं नाही. "पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल," मावशी पुटपुटली. "थांबलीस की रुतलीस. आणि कमरेचा पट्टा घट्ट आहे ना? आत पाणी शिरलं तर तो पट्टाच तुला वाचवेल." चिखलाला गोडसर कुजका वास येत होता. पाणकणसं दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होती. उजाडलं, पण उजाडलं म्हणजे काय, तर काळं होतं ते राखाडी झालं.

पाणकणसांच्या बेटात आमचं लपण होतं. प्लॅस्टिकची बदकं पाण्यावर सोडली, थर्मासमधली कॉफी प्यालो. वर कुठेतरी पंखांची शीळ वाजायची आणि निघून जायची. मावशीने ओठांना शिट्टी लावली आणि मादीसारखी साद घातली. घोगरी, थकलेली, अगदी खरी. धुक्यातून उत्तर आलं. मग एक नर खाली आला. लांब मान, पांढरी छाती, टोकदार शेपूट. तलवार बदक. मी ओळखलं, मगच चाप ओढला.

तो पडला. पण मेला नाही. पाण्यावर आपटला, पंख झोडत फरफटत गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. रूबी बाणासारखी त्याच्यामागे सुटली.

मावशीने माझ्या पाठीवर थाप मारली, पण ती हसली नाही.

"जखमी सोडायचा नसतो. थांब, आणेल ती."

आम्ही थांबलो. रूबी आली नाही. मावशीने तिला बोलवायची शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. मग दूर, उजव्या अंगाला, पाण्यात काहीतरी खळबळलं. कुत्री अडकली असावी तसं.

"माझ्या गुडघ्याला तिथवर जमायचं नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला. "खांब दिसेपर्यंत जा. तिथून हाक मार. त्यापुढे नाही. कळलं?"

"कळलं."

मला खांब दिसलाच नाही. शपथेवर सांगते. मी बंदूक उंच धरून घासत-घासत गेले, रूबीला हाका मारत गेले, आणि ती खळबळ नेहमी माझ्यापुढे थोड्याच अंतरावर असायची. मग ती थांबली. पाणकणसं संपली होती. चहूकडे फक्त पाणी आणि धुकं, आणि कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं. मी वळून बघायला उभी राहिले आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला.

ओढला तर डावा गेला. पाणी छातीला लागलं. मग विजारीच्या काठावरून आत आलं, बर्फासारखं, पोटावरून... पट्टा होता म्हणून एकदम भरलं नाही, झिरपत राहिलं. मी मावशीला हाक मारली. धुक्यात हाक दोन हातांवर जाऊन पडते. आधी बोटं बधिर झाली, मग मनगटं. दात वाजत होते, नंतर वाजायचे थांबले. दात वाजायचे थांबणं वाईट, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं.

तेव्हा तो वास आला. ओल्या पिसांचा, घरट्याचा, उबदार.

आणि मग पंख. किती ते सांगता येणार नाही. सगळं आकाश पंखांचं झालं होतं, पण एकही पाखरू ओरडत नव्हतं. पांढऱ्या हंसांचा थवा तुम्ही ऐकलाय का कधी? कोसभर आधी कळतं. जत्रेसारखा गलका असतो. हे मुके होते. धुकंच तुकडे-तुकडे होऊन खाली उतरत होतं असं वाटलं. ते पाण्यावर टेकले तरी पाणी वाजलं नाही. बघता-बघता माझ्याभोवती जिथवर दिसत होतं तिथवर पांढरं झालं. आणि प्रत्येकाचं तोंड माझ्याकडे होतं.

एकामागून एक तीन बार म्हणजे मदतीची खूण. मावशी ऐकणार, हार्लन ऐकणार. बंदूक माझ्या हातात कोरडी होती. मी ती वर उचलली.

सगळ्या माना एकदम ताठ झाल्या. एवढ्या सगळ्या माना, एकाच वेळी. ते उडून गेले नाहीत. फक्त बघत राहिले. रागाने नाही. मला अजून तो भाव सांगता येत नाही. आपण कुणाच्या तरी घरात, देवघरात म्हणा हवं तर, चपला घालून शिरावं, आणि घरच्यांनी काही न बोलता नुसतं बघावं... तसं.

मी बंदूक खाली केली. मग हात सैल सोडला. ती पाण्यात गेली, चिखलात गेली. मला वाचवू शकेल अशी ती एकच वस्तू होती आणि मी ती सोडली. का, ते विचारू नका.

ते जवळ आले. आधी वर्तुळ आवळलं, मग त्यांच्या छात्या माझ्या छातीला लागल्या, पाठीला लागल्या. एकाने मान माझ्या खांद्यावर टाकली. तिचं वजन, तिची ऊब, पिसांखाली भराभर धडधडणारं काळीज. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते सगळे एकाच लयीत श्वास घेताहेत. तो सगळा पांढरा विस्तार थोडा वर यायचा, थोडा खाली जायचा. आणि मीही त्यांच्याबरोबर श्वास घेत होते. मला भीती वाटत नव्हती. आज भीती वाटते ती याच गोष्टीची.

मग त्यांनी माना वाकवल्या. सगळ्यांनी, पाण्याला टेकेपर्यंत.

वर एक पंख हलला. एकच ठोका. धुकं दोन्ही बाजूंना सरकलं, पाणी चपटं झालं, माझे केस कपाळावरून मागे गेले. मी पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिले. तो यायला इतका वेळ लागला की मी मनात आईचं नाव घेतलं, घराचं नाव घेतलं, आणि मग माझं स्वतःचं नाव आठवेना. दुसरा ठोका पडला तेव्हा ते जे काही होतं ते माझ्या डोक्यावरून पुढे गेलं होतं. मी मान वर केली नाही. माझीही मान वाकलेलीच होती.

चिखलाने पाय कधी सोडले ते मला माहीत नाही.

धुकं फाटलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. तळं लख्ख रिकामं. एक पीस नाही. माझ्या पाठीमागे, बऱ्याच अंतरावर, पांढऱ्या खांबांची ओळ दिसत होती आणि तिच्या पलीकडून मावशी माझ्या नावाने ओरडत होती. आवाज बसला होता तिचा. हार्लन तिला दंडाला धरून थोपवत होता.

"हलू नकोस! आम्ही होडी आणतोय!"

"मी येते," मी म्हटलं, आणि चालत गेले.

रूबी त्यांच्यापाशीच होती. ती म्हणे मी गेल्यावर लगेच, दुसऱ्याच बाजूने परतली होती. तोंडात ते तलवार बदक घेऊन. मग माझ्यापुढे पाण्यात कोण खळबळत होतं?

मी खांबाच्या अलीकडे पाय टाकला तशी रूबी पोहत आली. तिने शेपूट हलवली नाही. माझं मनगट तोंडात धरलं, अगदी अलगद, दात न लावता. तसंच धरून तिने मला मावशीपर्यंत आणलं, आणि मावशीने हात पुढे करेपर्यंत सोडलं नाही. मग खाली बसून ती मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली, शाबासकीची वाट बघत.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "रूबी..." एवढंच म्हणाली.

चौकीत त्यांनी माझी विजार उतरवली. हार्लनने घोंगड्या तयार ठेवल्या होत्या, फोनवर डॉक्टर होता. इतका वेळ त्या पाण्यात राहिलेलं माणूस जगत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. विजारीतून बादलीभर पाणी जमिनीवर सांडलं आणि त्यातून वाफ निघाली. हार्लनने खाली वाकून त्यात बोट बुडवलं. झटक्यात मागे घेतलं.

"कोमट आहे," तो हळूच म्हणाला. "व्हर्ना... कोमट आहे हे."

"हंसांनी..." मी सांगायला लागले.

"कुठले हंस?" मावशी म्हणाली. "गुडघा ओढत कशीबशी गेले आणि सकाळपासून त्या खांबाशी उभी होते मी. एक पाखरू आलं नाही, गेलं नाही."

रविवारची मंडळी आली. मावशीने कोंबडी केली. त्या बदकाला तिने परसात पुरलं होतं. तिने परवाना पुन्हा काढला नाही, मीही नाही.

पण थंडी पडली की हंस उत्तरेकडून येतात, ते काही कुणाला विचारून येत नाहीत. सगळं खोरं त्यांच्या कलकलाटाने भरून जातं. पहिल्यांदा ते माझ्या ध्यानात आलं नाही, मावशीच्या आलं. आम्ही परसात कपडे वाळत घालत होतो. लांबून थवा आला, गोंगाट करत. आमच्या डोक्यावर आला आणि गप्प झाला. फक्त पंख. घर ओलांडल्यावर पुन्हा ओरडायला लागला. मग दुसरा थवा. तोही तसाच.

मावशीने मला मुद्दाम गावात पाठवून पाहिलं. ती परसात थांबली. त्या दिवशी घरावरून जाणारे हंस नेहमीसारखे ओरडत गेले. मी दुकानाच्या दारात उभी होते. तिथले गप्प झाले.

याला आता बरीच वर्षं झाली. मावशीचे डोळे अधू झालेत, पण थवे आले की ती अजून खुर्ची ओढून बाहेर बसते आणि मान वर करते. मी आत भांडी घासत असते. मला गलका ऐकू येतो, मग तो थांबतो. परवा तिने मला दारातून हाक मारली, फार हळू आवाजात.

"नॅडीन... मला नीट दिसत नाही म्हणून विचारते. दरवर्षी ते आणखी थोडे खाली येताहेत का गं?"