म्हातारीच्या पोटातलं पाणी

कल्पना करा, तुमचं घर डावीकडे कललं आहे. भूकंप वगैरे काही नाही, रोजच्यासारखं कललं आहे. ताटलीतला वाटाणा डावीकडे पळतो. रात्री तुम्ही झोपता ते पलंगावर नाही, पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात. दात घासताना एक हात ब्रशला आणि दुसरा घराला. आणि एवढं सगळं असून आई म्हणते, "वाकडा का बसलायस? नीट बस." आता घरच वाकडं म्हटल्यावर मुलानं सरळ बसायचं तरी कसं?

आलं डोळ्यांपुढे? मग चला, मुंगीच्या घरी जाऊ.

मुंगी बारा वर्षांची. कुठल्याही फटीत शिरायची आणि काहीतरी घेऊनच बाहेर यायची, म्हणून मुंगी. तिचा धाकटा भाऊ ढोलक्या. समोर येईल ते वाजवून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. टेबल, डबे, भिंती, एकदा तर झोपलेल्या बाबांचं पोटसुद्धा. आई, बाबा आणि ही दोघं एका जुन्या शिडाच्या नौकेतून वर्षभराच्या सफरीला निघाली होती. नौकेच्या पाठीवर एक भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण घरात तिला सगळे 'म्हातारी'च म्हणत. ती रात्रभर कुरकुरायची आणि सकाळी कामाला हजर असायची.

म्हातारीवर कामं वाटलेली होती. पिण्याचं पाणी आणि मुलांचा अभ्यास आईकडे. इंजिन आणि नौकेचा तळ बाबांकडे. मोकळ्या समुद्रात सुकाणू एकटं सोडून चालत नाही. त्यामुळे आई जागी असली की बाबा झोपत आणि बाबा उठले की आई आडवी होई. दोघं समोरासमोर येत ती फक्त जेवणाला. आणि जेवणाचा एक कडक नियम होता : ताटावर नौकेचं रडगाणं गायचं नाही. सफरीच्या सुरुवातीला प्रत्येक घासाबरोबर फाटलं शीड नाहीतर गळकं इंजिन तोंडी लावणं असायचं. शेवटी वैतागून आईनं हा नियम केला होता. नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमालाही कधीकधी एखादी फट राहते, आणि फट म्हटली की मुंगी आलीच.

झालं असं. एका लांबच्या टप्प्यावर वारा सारखा उजवीकडून येत होता आणि म्हातारी दिवसेंदिवस डाव्या कुशीवर पडून चालली होती. एका पहाटे मुंगी उठून बघते तो बाबा जमिनीची फळी उचलून हातपंपानं तळातलं पाणी उपसत होते. आवाज होऊ नये म्हणून पंपाला त्यांनी आपला सदरा गुंडाळला होता. तिला पाहून ते चपापले. थोडं पाणी येतंय आत, म्हणाले, म्हातारीचं वय झालंय. मग हळूच म्हणाले, "आईला बोलू नकोस हं. ती उगाच जिवाला लावून घेते."

मुंगीनं मान डोलावली.

त्याच दिवशी दुपारी बाबा घोरत होते आणि आई पिण्याच्या टाकीत काठी बुडवून पाणी किती उरलंय ते बघत होती. तिनं काठी पुसून पुन्हा बुडवली. मग तिची नजर ढोलक्याच्या बादलीकडे गेली. त्या बादलीत तो कागदाच्या होड्या सोडत असे. त्यानं शपथेवर सांगितलं की होड्या समुद्राच्या पाण्यात सोडतो, नळाच्या नाही. पण टाकी भराभर उतरत होती आणि नळाशी खेळण्याचा इतिहास त्याच्याच नावावर होता. बादली जप्त झाली. मुलांना दात घासायला अर्धा कप पाणी मिळू लागलं. आई मुंगीला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबांना सांगू नकोस गं. आधीच झोप नाही त्यांना."

मुंगीनं पुन्हा मान डोलावली. तिच्याकडे आता दोन गुपितं झाली होती, आणि दोन्ही ओठांवर येऊन परत फिरत होती.

अखेर एका सकाळी बंदर लागलं. बाबा धक्क्यावर उतरले ते थेट गोदीतल्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री गडी मोठा रुबाबदार. त्यानं पाण्याबाहेरच्या भागावर चार टिचक्या मारल्या, फळी उचलून तळात उरलेल्या पाण्यावर बॅटरी मारली आणि डॉक्टरासारखी मान हलवली. तळाला भेग असणार, तो म्हणाला. उद्या सकाळी क्रेननं वर काढू, खालचा तळ उघडू. या वयाच्या नौकेत एकदा तळ उघडला की काय काय निघेल, सांगता येत नाही. एवढा मोसम तर गेलाच म्हणून समजा.

धक्क्यावरच्या बाकावर बाबांनी आईला सगळं सांगितलं. तळाच्या भेगेपुढे टाकीच्या पाण्याचं काय रडायचं, म्हणून आईनं टाकीचा विषय काढलाच नाही. मग आईनं येऊन मुलांना सांगितलं की सफर इथंच संपली. म्हातारीला इथंच विकायचं आणि विमानानं घरी जायचं. सांगताना ती सारखी ओटा पुसत होती. ओटा अगदी स्वच्छ होता.

शेजारच्या नौकेवर तेरा वर्षांची एक मुलगी होती. दोन वर्षं समुद्रावर काढल्यामुळे म्हातारी धक्क्याला लागल्यापासून ती सगळ्यांना हुकूम सोडत होती. ढोलक्यानं तिचं नाव कप्तानीणबाई ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडलं होतं. ती निरोप द्यायला आली, तेव्हा मुंगी पुढच्या कोठडीत गुडघ्यात डोकं घालून बसली होती आणि ढोलक्या भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होता.

"नौका विकतात म्हणून रडतोयस?" कप्तानीणबाईनं विचारलं.

"ते पण," ढोलक्या म्हणाला. "पण मी पाणी नव्हतं सांडलं. आता घरी गेलो तरी सगळे म्हणणार, यानंच सांडलं."

मुंगीनं डोकं वर केलं. ढोलक्या खोड्या करी, पण केल्यावर कबूल करी. यानं सांडलं नाही, तर टाकीतलं पाणी गेलं कुठे? पाणी काही उडून जात नाही. आणि तिकडे तळात पाणी येत होतं...

आता काय करायचं? बाबांचं गुपित आता बाबांनीच फोडलं होतं, पण आईला दिलेला शब्द पाळला तर कोडं सुटत नव्हतं. मुंगीनं एक दीर्घ श्वास घेतला आणि दोन्ही गुपितं एकदमच सांगून टाकली.

कप्तानीणबाई ऐकून घेऊन म्हणाली, "तळात पाणी दिसलं की आधी चव घ्यायची, एवढंही तुमच्याकडे कुणी केलं नाही? खारट लागलं तर समुद्राचं. गोडं लागलं तर घरचं."

"मग घे चव," ढोलक्या म्हणाला.

"नौका तुमची आहे."

मुंगीनं बाहेर ओट्यापाशी येऊन जमिनीची फळी उचलली, पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेच्या टोकाला लावली. लगेच तोंड वाकडं करून तिनं दोनदा चूळ भरली, कारण त्यात इंजिनाचं तेल मिसळलं होतं. पण मीठ? मिठाचा मागमूसही नव्हता.

म्हणजे भेग म्हातारीच्या तळाला नव्हती. नळाचं पाणीच कुठेतरी गळत होतं. पण धक्क्याला लागल्यापासून तळात थेंबही वाढला नव्हता. मग समुद्रातच का गळायचं?

"या टप्प्याला निघण्याआधी काही नवीन बसवलंत?" कप्तानीणबाईनं विचारलं.

दोघांनी एकदमच उजव्या भिंतीकडे पाहिलं. तिथं पुस्तकांचं शेल्फ होतं. आईच्या वाढदिवसाला बाबांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं! चार लांबलचक स्क्रू मारून, 'वादळ आलं तरी हलणार नाही' असं सांगून. सारा अभ्यास त्याच्यावर रचलेला होता. म्हातारी डावीकडे कलली की ते सगळं ओझं शेल्फाला भिंतीपासून ओढत असणार.

ढोलक्यानं डोळे पुसले आणि शेल्फाखालची भिंत वाजवायला सुरुवात केली. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव ठक्क. त्या रेषेत तो वाजवत गेला तो थेट ओट्यावरच्या नळापर्यंत. भिंतीमागून पाइप जात होता, शेल्फाच्या बरोबर मागून.

"आता लटक," मुंगी म्हणाली.

ढोलक्या शेल्फाला दोन्ही हातांनी लटकला. मग ओट्याखालचा पंप आपला आपण टुकटुकायला लागला. हा पंप नळ सोडल्यावरच चालतो, आणि नळ तर बंद होता. समुद्रात लाटांच्या गोंगाटात आणि म्हातारीच्या कुरकुरीत त्याचा आवाज कुणाला येणार? मुंगीनं ओट्याखाली डोकं घातलं. भिंतीमागून पाण्याची बारीक धार तळाकडे पळत होती. तिनं हात लांबवून धारेखाली कप धरला.

ढोलक्यानं हात सोडले. धार थांबली. तो पुन्हा लटकला. धार सुरू.

मुंगी बाबांना सांगायला पळणार, तोच कप्तानीणबाईनं तिची वेणी धरली. "मोठी माणसं ऐकून घेत नसतात. त्यांना चाखवावं लागतं."

दुपारी आईनं मिस्त्रीलाही जेवायला थांबवलं होतं. मुंगीनं मिस्त्रीसमोर कप ठेवला. त्यानं तो घटाघटा रिकामा केला.

"काका, खारट होतं का?"

"छे, चांगलं गोडं पाणी आहे."

"म्हातारीच्या तळात हेच पाणी येतंय. मी आत्ताच ते गळताना कपात धरलं."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. बाबा म्हणाले, "मुंगे, जेवताना नौकेचं रडगाणं नाही."

"म्हणूनच तर झालं हे सगळं," मुंगी म्हणाली. "बाबा, तुम्ही पहाटे पंपाला सदरा गुंडाळून पाणी उपसत होतात. आई, तू दुपारी टाकी मोजत होतीस. बाबांनी सांगितलं, आईला बोलू नको. तू सांगितलंस, बाबांना बोलू नको. मी दोघांचंही ऐकलं. चुकलंच माझं."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे.

"टाकी उतरत होती?" बाबा म्हणाले. "मला सांगितलं का नाहीस?"

"आणि तू सदरा गुंडाळून पंप मारत होतास?"

तेवढ्यात ढोलक्या उठला आणि काही न बोलता शेल्फाला लटकला. टुक टुक टुक.

मिस्त्रीनं शेल्फ काढलं. एका लांबलचक स्क्रूनं पाइपाला नेमकं भोक पाडलं होतं आणि तो स्वतःच त्या भोकाचं बूच होऊन बसला होता. ओढ बसली की बूच ढिलं व्हायचं. मिस्त्रीनं तो स्क्रू हातात धरून पाहिला आणि मोकळेपणानं हसला. "चाळीस वर्षं नौका बघतोय, पण आज चाखायचं विसरलो," तो म्हणाला. "क्रेन नको. वीतभर पाइप आणि आखूड स्क्रू पुरतील. बाकी पोरांना माझ्याकडे कामाला पाठवा, मी बसतो अभ्यासाला."

बाबा ढोलक्यासमोर गुडघे टेकून बसले. बादली परत करत त्यांनी, आपल्या स्क्रूपायी त्याच्यावर आळ आला म्हणून, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. आईनंही मागितली. ढोलक्यानं मोठ्या मनानं दोघांनाही माफ केलं आणि बाबांचं पोट वाजवून घेतलं. आईनं मुंगीला जवळ ओढलं. चुकलीस ती एवढीच, ती म्हणाली, की आधी सांगायला हवं होतंस. पण आमच्यापेक्षा लवकर सांगितलंस. नियम त्याच संध्याकाळी बदलला : पहिल्या घासाला ज्याचं जे रडगाणं असेल ते गाऊन घ्यायचं, मग निवांत जेवायचं.

दोन दिवसांनी म्हातारी पुन्हा डाव्या कुशीवर पडून चालू लागली. कप्तानीणबाई धक्क्यावरून हात हलवत ओरडून सूचना देत होती, त्या वाऱ्यावर कुणालाच ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंगी उठली. बाबा सुकाणूवर होते आणि आई गाढ झोपली होती. मुंगीनं पाय न वाजवता जमिनीची फळी उचलली आणि तळाला करंगळी फिरवली.

करंगळीला नुसती धूळ लागली. मुंगीनं ती धूळ झोपलेल्या ढोलक्याच्या नाकाला पुसली, फळी जागेवर ठेवली आणि बाबांना सांगायला वर गेली.