भट्टीवर गप्प झालेली पेटी

मे १९९६. मंगळवारी सकाळी हुडको वसाहतीतल्या घरी नरहरी गोतमारे यांनी कुलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि सायकल काढली. जाताना मुलीला म्हणाले,

"माला, संध्याकाळी खरबूज आणतो. तुही आई कापायले बसन, तिले हात लावू देऊ नको. बिया तशाच ठेवते."

"ऐकू येऊन राहिलं मले," आतून मनकर्णाबाई म्हणाल्या.

नरहरी हसत हथखोजच्या कारखान्याकडे निघाले.

पावणेबाराला शेजाऱ्यांकडे फोन आला.

भट्टीच्या वरच्या कट्ट्यावर ते पडलेले सापडले होते. विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास. म्हणूनच कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या कमरेला एक वायरलेस पेटी असे. वायू वाढला की पेटी कंट्रोल रूमला इशारा पाठवी, तिथे घंटा वाजे आणि खालची माणसं वर धावत.

त्या दिवशी घंटा वाजलीच नाही. पेटीची बॅटरी संपलेली होती.

'मृताने पेटी चार्ज केली नव्हती,' असं शिफ्ट इन्चार्ज विद्याधर देशकर यांनी लिहून दिलं. चौकशी अधिकारी मारोतराव सोमवारी त्यावर सही करणार होते. मग नरहरी स्वतःच्या चुकीने मेले, असं कायमचं ठरणार होतं.

नरहरींची मुलगी रत्नमाला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. तेरवीची वाट न पाहता ती कारखान्यात गेली.

देशकरांची खोली एवढी गार होती की तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. देशकर नुकतेच भट्टीवरून आले होते. शर्टाला इस्त्री, कमरेला पेटीची जाड कापडी पिशवी. पँटवर उजव्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग.

"पेट्यांची तपासणी कोण करतं?"

"मी स्वतः. इथे या टेबलावर. दहा तास चालतात."

"भट्टीवर किती चालतात?"

"पेटी तीच, बॅटरी तीच. फरक कशाने पडेल? वय झालं होतं त्यांचं, ताई. विसरले असतील."

बाहेर चहाच्या टपरीवर नरहरींचे सोबती गुलाबराव भेटले.

"काका, त्या दिवशी पेटी चार्ज होती?"

"दोन्ही पेट्या मीच काढल्या ना चार्जरवरून. हिरवे दिवे लागलेले. पण माहं कोन ऐकते? मी त्याचा दोस्त."

"मग बंद कशी पडली?"

"वर तापली का मरते ती. आमी तिले ओला गमछा गुंडाळत होतो, मंग दिवसभर चाले. साहेबानं बंद केलं. म्हने, पाहुने येऊन राहिले कंपनी पाहाले, हे काय गबाळं! गुंडाळलेली दिसली तर मेमो."

"कधीपासून?"

"तो गेला त्याच्या आठ दिवस आधी, सोमवारपासून."

रत्नमालाने मारोतरावांकडे एकच मागणी केली. सोमवारी सकाळी सात वाजता पूर्ण चार्ज केलेल्या दोन पेट्यांना त्यांनी स्वतः सील लावलं. एक देशकरांच्या टेबलावर ठेवली. दुसरी भट्टीच्या कट्ट्यावर खिळ्याला टांगली.

अकराच्या आत कट्ट्यावरची पेटी बंद पडली. टेबलावरच्या पेटीचा हिरवा दिवा जळतच होता.

"हे कसं?" मारोतरावांनी विचारलं.

"पेटीत चिप असते," रत्नमाला म्हणाली. "ती नुसती बसून असली तरी तिच्यातून थोडी वीज झिरपते. दर दहा अंशांना हे झिरपणं जवळपास दुप्पट होतं. या खोलीत पंचवीस अंश. भट्टीसमोर पेटीच्या आत पासष्ट. म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळापट. बाबांनी पेटी भरूनच नेली होती. भट्टीच्या उष्णतेने ती रिकामी केली."

देशकर म्हणाले, "बनवणाऱ्याचा दोष आहे. मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत होतं. मागच्या वेळी तुमच्या पँटवर ओला डाग होता. मला वाटलं, पाणी सांडलं असेल. आजही आहे, त्याच जागी. ती पिशवी काढून टेबलावर ठेवता?"

मारोतरावांनी हात पुढे केला, तेव्हा देशकरांनी पिशवी सोडली.

पिशवी जुन्या छागलीच्या जाड कापडाची होती, प्रवासात पाणी गार ठेवायला खिडकीला टांगतात त्या छागलीची. चिंब भिजवलेली. आत पेटी, मेणकापडात नीट गुंडाळून.

"तुम्ही स्वतःची पेटी गार ठेवत होता," रत्नमाला म्हणाली, "आणि त्यांचे गमछे काढायला लावलेत."

"पेट्या मीच पास केल्या होत्या," देशकर खाली पाहत म्हणाले. "सदोष आहेत म्हटलं असतं तर पाहुण्यांसमोर भट्टी थांबवावी लागली असती. चार दिवसांचा प्रश्न होता."



मारोतरावांनी जुना कागद आडवा खोडला आणि नवा घेतला. नरहरी गोतमारे यांची चूक नव्हती, असं त्यांनी लिहिलं.

"बाई, तुमच्या जबाबात आणखी काही?"



"लिहा. बाबा गेले त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, त्यांनी मला विचारलं होतं. माला, पेटी दुपारच्या आत मरून जाते, तू शिकवतं ना हे, जरा पाहतं का? मी पेपर तपासत होते. मान वर केली नाही. म्हटलं, तुम्हीच चार्ज करायला विसरत असाल. आईलाही हे सांगितलेलं नाही."

मारोतरावांचं पेन थांबलं.

"देशकरांनी ते नंतर लिहिलं," ती म्हणाली. "आधी मी म्हटलं होतं."