तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

"बाई, जरा बाजूला व्हाल का?"

मी गुडघ्यांवर बसले होते. हातात टेप, दातांत खडू, आणि जागा म्हणाल तर एका परक्या इमारतीच्या पार्किंगचं ऐन वळण. मागे एक पांढरी गाडी उभी होती. बाहेरच्या पावसाचं पाणी तिच्या बॉनेटवरून टपटपत होतं, आणि चालवणारा खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होता.

"दोनच मिनिटं," मी खडू न काढताच म्हणाले.

"काय मोजताय एवढं?"

"वळण. इथे दर आठवड्याला एक तरी गाडी घासते म्हणे. का घासते ते बघायचंय."

"माझी नाही घासायची. रोज येतो मी इथे."

"मग या की..." मी उठून भिंतीला पाठ लावली.

तो आला. मोठ्या रुबाबात, एका हाताने स्टिअरिंग फिरवत. आणि — खर्रर्र!

गाडी थांबली. तो उतरला. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाईट वाटल्यासारखं तरी दाखवायला हवं होतं मी. पण मला हसू फुटलं, आणि दातांतला खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

"मिळालं उत्तर?" त्याने विचारलं.

"मिळालं. वळण अर्धा मीटर तोकडं आहे."

"आणि माझं दार?"

"कामी आलं बिचारं."

तोही हसला. वाकून खडूचे दोन्ही तुकडे उचलले. एक मला दिला, एक स्वतःच्या खिशात टाकला. "पुरावा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती. शहराच्या मधोमध चाळीस मजली टॉवर उठायचा होता, आणि मोठ्या साहेबांनी त्याच्या पार्किंगचं काम माझ्याकडे दिलं होतं. माझं पहिलं मोठं काम. त्यासाठीच तर मी गावभरच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन हिंडत होते. साहेब म्हणाले, "हे आपले स्ट्रक्चर इंजिनिअर. भार, खांब, भिंती सगळं यांच्याकडे." मी मान वर केली. दारात तोच उभा! शर्टाच्या खिशाला खडूचा पांढरा डाग.

"ओळख आहे आमची," तो गंभीरपणे म्हणाला. "दाराची नुकसानभरपाई चालू आहे."

त्या दिवसापासून त्याने माझं नाव 'वळणबाई' ठेवलं. मी त्याला 'खांबवाले' म्हणायचे.

पार्किंगमध्ये कसलं आलंय प्रेम, असं माझी थोरली बहीण म्हणायची. तिला काय माहीत! आम्ही सहा महिने एकाच टेबलावर, एकाच नकाशावर वाकलेलो असायचो. मला खांब नको असायचे, कारण खांब आला की गाडीची जागा जाते. त्याला खांब हवे असायचे, कारण वर चाळीस मजले उभे राहायचे होते.

"हा खांब सरकवा ना थोडा," मी म्हणायचे.

"खांब सरकवला तर वर सदतिसाव्या मजल्यावर कोणाच्या तरी झोपायच्या खोलीत, पलंगाच्या मधोमध येईल."

"येऊ दे. नवरा-बायकोचं भांडण झालं की उपयोगी पडेल."

"तुमचं लग्न झालं की तुमच्या खोलीत बांधून देतो असा एक."

"आधी नवरा तर शोधा..."

"शोधतोय..." तो पेन्सिलीला टोक करत म्हणायचा. टोक आधीच असायचं, तरी.

'अहो'चं 'अरे' कधी झालं ते मात्र मला नेमकं आठवतं. टॉवर भिंतीवर उभा राहणार होता. सहा मजली पार्किंगच्या मधोमध एक जाड लांब भिंत, भार पेलणारी. भिंतीच्या एका बाजूने गाड्या चढत जाणार, दुसऱ्या बाजूने उतरत येणार. चढ-उतारांवरच दुतर्फा गाड्या लावायच्या. चढणारा आणि उतरणारा कुठेच समोरासमोर यायचे नाहीत — ही माझी कल्पना. घासाघासी नाही, हॉर्न नाही. मी खूप खूश होते तिच्यावर.

तो बराच वेळ नकाशा बघत बसला.

"एखाद्याने तिसऱ्या मजल्यावर ठरवलं, की मला परत जायचंय... तर?"

"तर माथ्यापर्यंत जाईल, वळेल आणि उतरेल. मोजलंय मी. चार मिनिटं लागतात."

"चार मिनिटांत काय काय होतं, माहितीये? एखाद्याला पोर घरीच विसरून आल्याची आठवण होते. एखाद्याच्या बायकोचा फोन येतो. इथे बघ —" त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "दर मजल्यावर चढ आणि उतार एकाच पातळीला येतात असं एकच ठिकाण आहे. तिसऱ्यावर तिथे भिंतीत दार ठेवू. गाडी जाईल एवढं. भार मी बघतो. माणसाला परत फिरायची एक तरी जागा असू दे गं."

गं. त्याच्याही लक्षात आलं. कान लाल झाले त्याचे.

"ठेवू की रे," मी म्हणाले.

ठेवलं दार. महिनाभर ते नकाशावर होतं.

मग बिल्डरची बैठक झाली. जितकी घरं, तितक्या गाड्यांची जागा, असा नगरपालिकेचा नियम. म्हणजे टॉवरची उंची वर आभाळात ठरत नाही, खाली पार्किंगमध्ये ठरते. त्या एका दारापायी, गाड्या वळायच्या म्हणून, अकरा गाड्यांची जागा जात होती. अकरा गाड्या म्हणजे अकरा घरं. मजल्यावर चार घरं, म्हणजे जवळजवळ तीन मजले. बिल्डर म्हणाला, "सदतीस मजल्यांचा टॉवर कोण बघायला येणार? चाळीस हवेत." मोठे साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "शुक्रवारी नगरपालिकेत सबमिशन आहे. पार्किंग तुमचं, निर्णय तुमचा."

मला चाळीस हवे होते. खोटं कशाला बोलू? मला माझा पहिला टॉवर चाळीस मजल्यांचाच हवा होता.

"दाराऐवजी खिडकी ठेवू या," मी त्याला म्हणाले. "खिडकीला जागा लागत नाही. भेटता नाही आलं तरी दिसेल तर."

त्याने नकाशा गुंडाळला. मला खाली त्याच्या गाडीत, चालकाच्या जागेवर बसवलं, दार उघडं ठेवून बाहेर गुडघ्यावर बसला आणि खिशातून टेप काढला. एक टोक जमिनीवर टेकवलं, दुसरं माझ्या डोळ्यापाशी आणलं. त्याच्या बोटांना ग्रॅफाइटचा वास होता.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"पापण्या हलतायत."

"मग इतक्या जवळून बघू नकोस ना..."

"एकशे चौदा," तो हळूच म्हणाला. टेप मात्र तिथेच होता. "चालवणाऱ्याच्या डोळ्याची उंची एकशे चौदा सेंटिमीटर. या मापाने करतो खिडकी."

"सगळे काय माझ्या उंचीचे असतात?"

"मला काय करायचंय सगळ्यांचं?"

घासलेलं दार अजून तसंच होतं. मी त्या ओरखड्यावरून बोट फिरवत बसले.

"ऐक," तो म्हणाला. "मला दुसरीकडे काम मिळतंय. नदीवरचा मोठा पूल आहे, तीन-चार वर्षांचं काम. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. ते म्हणतात ये. तू... तू काय म्हणतेस?"

मला कळत होतं तो काय विचारतोय. वेड पांघरावं इतकी काही मी लहान नव्हते. 'थांब' म्हटलं असतं तर थांबला असता. 'मी येते' म्हटलं असतं तर... पण वर टेबलावर एकोणीस नकाशे सह्यांसाठी पडून होते, आणि शुक्रवार परवावर होता.

"सबमिशन होऊ दे," मी म्हणाले. "मग बोलू आपण. निवांत."

त्याने टेप सोडला. तो खर्रकन डबीत गेला.

"बरं," तो म्हणाला.

शुक्रवारी आम्ही नकाशांवर सह्या केल्या. आधी माझी, खाली त्याची. तिसऱ्या मजल्याच्या नकाशापाशी त्याचा हात क्षणभर थांबला. मी बघितलं. आणि पुढचा नकाशा त्याच्यासमोर सरकवला.

शनिवारी मी दिवसभर झोपले. रविवारी फोन हातात घेतला, ठेवला. म्हटलं, त्यानेच करावा... मुलीने काय विचारायचं? सोमवारी नगरपालिकेने काही बदल काढले, त्यात आठवडा गेला. मग त्याच्या ऑफिसातून दुसराच इंजिनिअर आला, चष्मेवाला. खांब सरकव म्हटलं की लगेच सरकवायचा. मला रडू यायचं.

मी स्वतःला समजावत राहिले — पूल होईल, तो परत येईल, मग बोलू. आधी वर पोचायचं, मग वळायचं. सवयच तशी लागली होती.

टॉवर झाला. चाळीस मजले. पेपरात फोटो आला, साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बापासारखा. मग माझं लग्न झालं. लेकीचा बाबा भला माणूस आहे. रात्री ती रडली की माझ्याआधी उठतो. तक्रार करायला मला जागा नाही, आणि करतही नाही.

परवा लेकीचा दात दुखत होता. मुलांची दातांची डॉक्टर नेमकी त्याच टॉवरमध्ये, पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बसते. सहा वर्षांत मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. चौथं वर्ष चालू आहे लेकीला. मागच्या सीटवर बसून ती गालाला रुमाल लावून वाद घालत होती.

"आई, डॉक्टर सुई टोचणार?"

"नाही गं राणी."

"शप्पथ?"

"...बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे टोचणार!"

पहिला मजला. दुसरा. माझं वळण छान गोल होतं, एकही ओरखडा नाही. मग तिसरा. चढ आणि उतार एका पातळीला येतात ती जागा, आणि भिंतीत ती खिडकी — बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. मान वर करायला नको, खाली करायला नको.

खिडकीपलीकडे एक गाडी उतरत होती. ती थांबली.

तो.

कानशिलांवर थोडे पांढरे केस आले होते. बाकी... बाकी तोच. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आमच्यामध्ये एक भिंत होती, हातभर जाडीची. त्यानेच काढली होती ती जाडी. काच खाली करून हाक मारावी म्हटलं, तर त्या बाजूला त्याची काच बंद होती. त्याच्या मागच्या सीटवर कोणी आहे का, तेही दिसेना. तेवढी मोठी नव्हती खिडकी.

तो हसला नाही. त्याने फक्त हात वर केला, तळवा आडवा धरला आणि स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेला लावला. एकशे चौदा.

मीही माझा हात वर नेला...

मागून हॉर्न वाजला. मग दुसरा. त्याच्याही मागे दिवे लखलखले. चढणाऱ्याला चढावं लागलं, उतरणाऱ्याला उतरावं लागलं. माझंच डिझाइन, मस्त चाललं.

मी गाडी जोरात काढली. चौथा, पाचवा, सहावा. माथ्यावर वळले. डॉक्टरच्या दारावरून पुढे गेले, थांबले नाही.

"आई, डॉक्टर राहिली!"

"हो, येऊ परत. जरा खाली जाऊन येऊ."

पाचवा, चौथा, तिसरा. पलीकडच्या बाजूने मी त्याच खिडकीपाशी आले. कोणीतरी अनोळखी बाई चढत होती, फोनवर बोलत. त्याची गाडी केव्हाच खाली दरवाजातून बाहेर पडली असणार. चार मिनिटं. मोजलेली होती मी.

"आई, ते काका कोण होते?" लेकीने विचारलं. तिनेही बघितलं होतं तर.

"ते... त्यांनीच ही खिडकी केली."

"कशाला?"

"इकडच्या माणसाला तिकडचं माणूस दिसावं म्हणून."

तिने थोडा विचार केला. गालावरचा रुमाल काढला.

"मग दार का नाही केलं?"

"करणार होते ते. आईने नको म्हटलं. दार केलं असतं तर अकरा गाड्यांची जागा गेली असती."

तिने नाक काचेला लावलं. भिंतीला लागून पांढऱ्या पट्ट्यांच्या जागा एकामागून एक मागे जात होत्या. इथून लिफ्ट लांब पडते म्हणून इथे कोणी गाडी लावत नाही, हे मला नंतर वॉचमनने सांगितलं. ती बोटाने मोजत होती. तिला दहापर्यंतच येतं.

"पण आई," ती म्हणाली, "इथे तर एकसुद्धा गाडी नाहीये."