ते रस्त्यानं येत आहेत

"पतीचे नाव, अमरेश," आकारामनं माझं मतदार ओळखपत्र उजेडाकडं धरून मोठ्यानं वाचलं. शेजारच्या खुर्चीत छत्री निथळत बसलेले गृहस्थ दचकले.

"काय?"

"तुम्हाला न्हाय ओ, पावणं. ह्या बाईंचा नवरा."

"पण अमरेश तर मी."

"आणि मला नवरा नाही," मी म्हणाले.

आकाराम एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिला. बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता आणि कोल्हापूरच्या स्टेशन रोडवरच्या त्याच्या एवढ्याशा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आम्ही तिघं अडकलो होतो. मग ते गृहस्थ हसले. गालातल्या गालात, स्वतःलाच हसावं तसं. मला राग यायला हवा होता... आला नाही.

ही दोन हजार सालची गोष्ट. मी सेहेचाळीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, पाठचे भाऊ शिकायचे होते, आणि ते शिकून मुंबई-पुण्याला गेले तोवर मला कुणी विचारायचंच बंद झालं होतं. ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेले तेव्हा टेबलावरच्या माणसानं माझं पूर्ण नाव विचारलं. शिवलीला अमरेश शेटे. अमरेश माझे वडील. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, चाळिशीची बाई म्हणजे लग्न झालेलीच असणार असं ठरवलं, आणि वडिलांचं नाव 'पती'च्या रकान्यात लिहून मोकळा झाला. घरी आणून आईला वाचून दाखवलं तर तिनं पदर तोंडाला लावला. हसायला की नाव ऐकून लाजल्यामुळं, कोण जाणे. आईनं जन्मात कधी बाबांचं नाव उच्चारलं नव्हतं. ते जाऊन वीस वर्षं झाली तरी "तुझे बाबा" किंवा "हे".

तर आईला पशुपतिनाथाला जायचं होतं. तेवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात मागितली. आकाराम दिवाळीच्या सुट्टीत नेपाळची सहल नेणार होता, दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढं विमान. डोंगरातला बसचा रस्ता आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण आदल्या वर्षी काठमांडूहून निघालेलं विमान पळवलं गेलं आणि नियम कडक झाले. विमानानं जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. पासष्टीच्या पुढच्या माणसांना मात्र वय आणि ओळख दाखवणारा साधा कागद चालत होता.

म्हणजे आईची अडचण नव्हती. अडचण असलीच तर माझी होती, आणि त्या गृहस्थांची तर नक्कीच.

त्यांचं नाव अमरेश पट्टणशेट्टी. पेठ वडगावात सरकी-पेंडीचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेळगावला दिलेली. घरात ते आणि सत्तरीची थोरली बहीण, आक्का. आक्काला पशुपतिनाथाला जायचं होतं, तेही भावाला घेऊनच. वडगावात फोटो काढले त्या दिवशी दोघं मुलीच्या लग्नासाठी बेळगावात होते, म्हणून ओळखपत्र नव्हतं. आक्का वयावर सुटणार होती. यांच्याकडं नुसता गाडी चालवायचा परवाना.

आकारामनं टेबलावर बोटं वाजवली. "एक रस्ता हाय. कुटुंब एकत्र असलं तर एका मोठ्या माणसाचं कार्ड बास होतं. बाकीच्यांनी फोटोचा कायतरी पुरावा आणि नातं दाखवायचं." मग माझं कार्ड हलवत म्हणाला, "नातं तर ह्येच्यावर छापूनच आलंय की. पती, अमरेश. पावण्यांच्या लायसनवर बी अमरेश."

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. मी म्हणाले, नाही. खोटं बोलून मी देवाला जाणार नाही. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना उभं करते मी.

पट्टणशेट्टी लगेच म्हणाले, "बाईंचं बरोबर हाय. मी रस्त्यानं जातो. गोरखपूरवरनं सुनौलीच्या हद्दीवर, तिथनं बस. तिकडनं कुणी एवढं अडवत न्हाय म्हणतात." जरा थांबून हळूच पुढं म्हणाले, "फक्त आक्काला विमानात तुमच्याशेजारी बसवून घ्या... जमलं तर."

मी मान हलवली. निघताना पाऊस तसाच होता. त्यांनी मला रिक्षापर्यंत पोचवलं. छत्री सगळी माझ्यावर, आणि त्यांचा डावा खांदा चिंब. "तुम्ही भिजताय," मी म्हणाले.

"पेंडीची पोती भिजली तर नुकसान. माझं काय."

तुम्हा आजकालच्या मुलींना हे काहीच वाटणार नाही. मी मात्र घरी जाऊन आईला अर्धंच सांगितलं.

पुढचे काही आठवडे ते कोल्हापुरात जरा जास्तच येऊ लागले. कधी आक्काला आईची ओळख व्हावी म्हणून, कधी शेंगाच्या पोळ्या द्यायला, तर कधी नेपाळात थंडी किती असते ते विचारायला. आईची पंचाईत झाली. त्यांना हाक कशी मारणार? नाव तर बाबांचं. ती त्यांना "वडगावचं पावणं" म्हणायची, आणि ते समोर असले की नुसतंच "अवो". आक्का मोठ्यानं हसायची. आक्काची आई कानडी मुलखातली, म्हणून ती भावाला तम्मा म्हणायची आणि मला पहिल्या भेटीपासून तंगी, म्हणजे धाकटी बहीण. एकदा चहा पिताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तंगी, तुझं बरं हाय. ह्यो पसंत पडला तर मधलं नाव बदलायचा बी त्रास न्हाय."

मी कप उचलून आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहून मला कळलं की मी हसते आहे. मग घाबरले. या वयात लोक काय म्हणतील, शाळेत काय म्हणतील, आणि हे सगळं माझ्याच मनाचे खेळ असले तर...

दिल्लीपर्यंत आम्ही एकाच डब्यात होतो. दुपारी खिडकीशी बसून त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं विमान आणि माझी बस. मी किती मागं पडतो, काढा की हिशेब."

"हिशेब सोपा आहे. पण बसवाला जेवायला किती वेळ थांबेल ते पुस्तकात नसतं."

"म्हणजे वाट बघायला लागणार."

"आक्का बघेल की."

"आक्का झोपंल," ते म्हणाले आणि बाहेर बघू लागले. मीही बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दिल्लीच्या फलाटावर ते आमच्यापासून वेगळे झाले. आक्काच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते समजावून सांगितलं. "आणि..." म्हणाले. पुढं काही आलंच नाही. पिशवी खांद्याला लावून ते गर्दीत गेले, आणि एवढ्या माणसांत मला एकदम रिकामं वाटलं.

विमानतळावर आई आणि आक्का बिनतक्रार सुटल्या. माझं कार्ड मात्र त्या अधिकाऱ्यानं उलटंसुलटं करून पाहिलं. तरुण होता, थकलेला. आता म्हणेल हे चुकीचं आहे, आणि आई एकटी पुढं जाईल. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि सहज विचारलं, "पति साथ नहीं हैं?"

सांगायचं होतं की ती छपाईची चूक आहे, अमरेश माझे वडील. वाक्य तोंडात तयार होतं. पण मी म्हणाले, "वो रास्ते से आ रहे हैं."

शिक्का पडला. मागं आई आणि आक्का उभ्या होत्या. दोघींनी ऐकलं होतं. विमानात दोघी देवभोळ्यासारख्या डोळे मिटून बसल्या, पण आक्काचे खांदे हसण्यानं हलत होते.

मी जे बोलले ते खोटं होतं का? रात्रभर तोच विचार. खोटं बोलले म्हणून वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते एवढंच, की ते खोटं ठरू नये.

त्यांची बस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती. आली नाही. डोंगरात कुठं दरड कोसळल्याचं हॉटेलवाला म्हणाला. त्या काळी आमच्यापैकी कुणाकडं मोबाइल नव्हता. आक्काच्या तोंडचं पाणी पळालं, आईनं जेवण ठेवून दिलं. मी दोघींना समजावत होते आणि सारखी खाली जाऊन हॉटेलवाल्याला विचारत होते. एवढ्या उशिरा कुणीतरी आयुष्यात येऊ घातलं होतं, आणि मी त्यांचे छत्रीबद्दल धड आभारसुद्धा मानले नव्हते. एक होकार देऊन मी त्यांना विमानात बसवू शकले असते. माझ्या खरेपणापायी ते त्या रस्त्यावर होते.

सकाळ उजाडल्यावर आम्ही तिघी बसतळावर जाऊन उभ्या राहिलो. धुकं, हॉर्न, कंडक्टरांची ओरड. बसमागून बस येत होती आणि त्यांतून भलतीच माणसं उतरत होती. मग एका धुळीनं माखलेल्या बसच्या दारात ते दिसले. दाढी वाढलेली, मफलर कानाला. ते आमच्याकडं न बघता उलट्या दिशेनं चालू लागले. आक्काचा आवाज फुटेना. माझाही. मी त्यांना काय म्हणून हाक मारणार होते?

"अमरेश!"

आईनं हाक मारली होती. माझ्या आईनं.

"अवो अमरेश, हिकडं, हिकडं बघा!"

ते वळले. आईनं तोंडावर हात ठेवला, मग काढला, आणि सरळ उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "जाऊ दे. कुणीतरी घ्यायलाच पायजे होतं नाव."

ते धावतच आले. दरडीपाशी सगळी रात्र बस उभी होती म्हणाले. आक्कानं भावाला पोटाशी धरलं, दोन शिव्या घातल्या, आणि डोळे पुसता पुसता विमानतळावरचं सगळं सांगून टाकलं. मी काय म्हणाले, कसं म्हणाले, सगळं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या धुळकट चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला.

"रस्त्यानं आलो, एवढं तर खरं झालं," ते म्हणाले. "उरलेलं... तुम्ही म्हणाल तर तेबी खरं करू."

छातीवरून एखादं पोतं उतरवावं तसं मला झालं. किती वर्षांचं होतं कोण जाणे. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ते सोडत नव्हते, मी ओढून घेतली.

आम्ही चौघांनी मिळून पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं. परतीच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणाले, तू आणि आक्का आकारामबरोबर विमानानं जा, मी बसनं जाते. आईनं कुणाबरोबर ते विचारलं नाही. तिनं आपली जाड शाल माझ्या पिशवीत कोंबली.

बस निघाली. पहिली काही वळणं मी तोंड घट्ट मिटून काढली. पुढच्या वळणाला त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि घाईनं खिडकी उघडली.

"बाई... तुम्हाला गाडी लागती?"

"लहानपणापासून."

"मग एवढ्या घाटातनं बसनं कशाला आलात?"

गार वारा तोंडावर घेत मी डोळे मिटले. "विमानात तुम्ही नव्हता," मी म्हणाले.